काँक्रीट मॅनहोलची गळती : कुठे कोणतं मटेरियल? नागपूरसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती सोसायटीची कामं बघणारे, छोटे ठेकेदार, साइट इंजिनीअर आणि मिस्त्री यांच्यासाठी आहे. गडरलाइनच्या मॅनहोलमध्ये पाणी शिरतं किंवा त्यातून बाहेर झिरपतं, आणि दुकानात गेलं की दहा प्रकारच्या पिशव्या आणि डबे समोर येतात. त्यातलं काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि काय अजिबात घ्यायचं नाही, हे इथे लिहिलं आहे. नागपुरातल्या बऱ्याच वस्त्या काळ्या मातीवर आहेत आणि इथला मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो. म्हणून दुसऱ्या शहरातला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

गळती नेमकी कुठून आहे हे कसं ओळखायचं?

काँक्रीटच्या मॅनहोलमध्ये पाणी सहसा पाच जागांहून येतं : झाकणाच्या चौकटीखालून, एकावर एक रचलेल्या दोन काँक्रीट रिंगांच्या सांध्यातून, पाइप भिंतीत शिरतो त्या जागेतून, पायऱ्यांच्या किंवा रिंग उचलण्यासाठी ठेवलेल्या भोकांतून, आणि तळाच्या बेंचिंगमधून (नाल्याच्या दोन्ही बाजूंचा उतरता काँक्रीट थर). भिंतीतूनच पाणी आलं तर बहुतेक वेळा तिथे तडा गेलेला असतो किंवा काँक्रीट नीट दाबलं न गेल्याने मधमाशांच्या पोळ्यासारखं राहिलेलं असतं.

वेळेवरून बरंच कळतं. जोराचा पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासात गढूळ पाणी आलं आणि पाऊस थांबल्यावर लगेच आटलं, तर ते वरून येतंय. चौकट आणि तिच्याखालचे थर तपासा. पाऊस थांबून आठ दिवस झाले तरी स्वच्छ पाण्याची धार चालूच असेल तर ते भूजल आहे आणि ते सांध्यातून किंवा पाइपजवळून शिरतंय. भिंतीवर पांढरे, कडक ओघळ दिसले तर तिथून बराच काळ पाझर आहे. सिमेंटमधला चुना धुऊन बाहेर येऊन त्याचं कॅल्शियम कार्बोनेट झालेलं असतं. तांबूस ओघळ दिसला तर आतली सळई गंजते आहे. सांध्यातून झाडाची मुळं लोंबत असतील तर आधी मुळं कापावी लागतात. त्यांच्यावर काहीही थापलं तरी टिकत नाही.

हे बघायला कोणता महिना चांगला?

ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर. तेव्हा भूजल सर्वांत वर असतं आणि एकूण एक भोक बोलतं. मे महिन्यात तोच मॅनहोल कोरडा ठणठणीत दिसतो, आणि "गळती नाही" असा शेरा मारून कागद पुढे जातो. पावसाळ्यात पाहणी करून प्रत्येक गळतीजवळ ऑइल पेंटने खूण करा, झाकणाच्या पातळीपासूनची खोली आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे जागा लिहून ठेवा (उदा. "१.८ मीटर, ४ वाजता", डाउनस्ट्रीम पाइप म्हणजे ६ वाजता), आणि दुरुस्ती ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करा. तेव्हा पाणी अजून थोडं चालू असतं, म्हणून काम जमलं की नाही हे डोळ्यांना दिसतं, आणि उन्हाचा त्रासही नसतो.

गळती किती असली की दुरुस्ती करायलाच हवी?

मोजा. धारेखाली लिटरचं माप धरा आणि घड्याळ लावा. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संस्थेच्या २०१३ च्या सांडपाणी मॅन्युअलमध्ये भूजलाच्या शिरकावासाठी एका मॅनहोलमागे दिवसाला २५० ते ५०० लिटर धरले आहेत. मिनिटाला एक लिटर म्हणजे दिवसाला १,४४० लिटर, म्हणजे वरच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. मिनिटाला ५ लिटर म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर. माणशी १३५ लिटरच्या हिशोबाने हे ५३ माणसांच्या वापराएवढं पाणी झालं. ते भांडेवाडीच्या प्रक्रिया केंद्रापर्यंत वाहून न्यायचं, शुद्ध करायचं आणि त्यासाठी पाइपची जागाही अडवायची.

धार छोटी असली तरी दोन बाबतींत थांबू नका. पाण्याबरोबर रेती किंवा माती येत असेल तर भिंतीमागे पोकळी होतेय आणि एक दिवस रस्ता खचतो. जवळ विहीर असेल तर उन्हाळ्यात भूजल खाली गेल्यावर त्याच फटीतून मैलापाणी बाहेर जातं. महाल-इतवारीसारख्या जुन्या भागांत विहिरी आहेत, तिथे हे विसरून चालणार नाही.

एकच चांगलं मटेरियल सगळीकडे वापरलं तर?

नाही चालत. बहुतेक फसलेल्या दुरुस्त्यांचं मूळ याच प्रश्नात आहे. मॅनहोलमध्ये मटेरियलला तीन वेगवेगळी कामं असतात : वाहतं पाणी थांबवणं, हलणारा सांधा सांभाळणं, आणि आम्लाने खाल्लेली भिंत वाचवणं. झटपट सिमेंट पहिलं काम करतं, पण दुसरं करत नाही. पॉलियुरेथेनचं (पीयू) इंजेक्शन पहिली दोन करतं, पण भिंतीला आवरण देत नाही. कॅल्शियम ॲल्युमिनेट सिमेंटचं अस्तर तिसरं करतं, पण वाहत्या पाण्यावर ते चिकटतच नाही.

त्यात नागपूरची माती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि ही हालचाल जमिनीखाली साधारण साडेतीन मीटरपर्यंत पोहोचते. म्हणजे तीन मीटर खोल मॅनहोलचा जवळजवळ प्रत्येक सांधा दरवर्षी थोडा ढकलला जातो आणि परत ओढला जातो. निवडताना दोन प्रश्न विचारा : ऑगस्टमध्ये बाहेरून पाण्याचा दाब असताना हे टिकेल का? आणि मे महिन्यात भोवतालची माती कोरडी होऊन आकसली की हे टिकेल का? दोन्हीला "हो" म्हणणारं मटेरियल सांध्यात घाला. हलत नसलेल्या भोकाला पहिलं उत्तर पुरेसं आहे.

वाहती धार हाताने बंद करायची असेल तर काय वापरू?

झटपट घट्ट होणारं सिमेंट, ज्याला दुकानात 'वॉटर प्लग' म्हणतात. पायऱ्यांची भोकं, रिंग उचलण्याची भोकं, काँक्रीटमधली पोकळ जागा, अशा न हलणाऱ्या ठिकाणी ते उत्तम. पद्धत अशी :

भोक किंवा तडा छन्नीने किमान २५ मिमी खोल आणि २० ते २५ मिमी रुंद कापा. खाच तोंडाशी अरुंद आणि आत थोडी रुंद हवी, म्हणजे गोळा अडकून बसतो. इंग्रजी 'व्ही'सारखी खाच कापली तर पाण्याचा दाब गोळा सरळ बाहेर ढकलतो. सुटे कण पाण्याने धुऊन टाका. एका वेळी मुठीत मावेल एवढीच पावडर घ्या, थोडं थोडं पाणी घालून मळलेल्या कणकेसारखा गोळा करा. हातात गोळा कोमट लागू लागला की तो क्षण पकडा आणि दाबा. त्याआधी दाबला तर धार तो धुऊन नेते, नंतर दाबला तर तो भुगा होतो. तळव्याने ३ ते ५ मिनिटं न हलवता दाबून धरा. रबरी हातमोजे हवेतच, हे मिश्रण कातडी जाळतं.

लांब तडा असेल तर वरून खाली या आणि सगळं पाणी खालच्या एका भोकात गोळा होऊ द्या. शेवटी तिथे १२ मिमीची नळी बसवा, भोवतीचं घट्ट होऊ द्या, मग नळी काढून ते भोक बंद करा. चारी बाजूंनी एकदम बंद करायला गेलात तर पाण्याचा दाब वाढून ओला गोळा सुटतो.

मात्रा : २५ बाय २५ मिमीची एक मीटर खाच म्हणजे सुमारे ०.६ लिटर, त्याला साधारण सव्वा किलो पावडर. वाया जाणारी धरून दीड किलो घ्या.

मिस्त्री सिमेंटमध्ये धुण्याचा सोडा घालून गळती बंद करतो. ते चालेल का?

रात्रीपुरतं. सोडा घातला की सिमेंट लगेच आवळतं, पण पुढे त्याची ताकद साध्या सिमेंटपेक्षा कमी राहते, ते आकसतं आणि कडेने बारीक फट पडते. पुढच्या पावसाळ्यात पाणी त्याच कडेने येतं. आणीबाणीत वापरलंच असेल तर नंतर ते पूर्ण खरवडून काढा. त्याच्यावर चांगलं अस्तर लावणं म्हणजे कुजक्या लाकडावर रंग.

रिंगांच्या सांध्याला काय?

पीयू इंजेक्शन. पण पीयू दोन स्वभावांचं मिळतं आणि हा फरक दुकानदार क्वचितच सांगतो. पहिला प्रकार पाणी पिऊन फुगतो, मऊ रबरासारखा राहतो आणि ओल्या काँक्रीटला छान चिकटतो. पण त्याचं अंग पाण्यावर अवलंबून असतं. भोवती कोरडं झालं की तो आकसतो. दुसरा प्रकार पाण्याशी फक्त रासायनिक क्रियेपुरतं घेणंदेणं ठेवतो, वेगळ्या डब्यातल्या उत्प्रेरकाने फेस होतो, आणि एकदा झाला की कोरड्यातही आकार सोडत नाही.

वर्षभर पाण्याखाली राहणारा सांधा असेल (नाग नदीच्या काठची खोल लाइन, तलावाजवळची वस्ती) तर पहिला प्रकार चालतो. उन्हाळ्यात जिथे भूजल मॅनहोलच्या खाली उतरतं, तिथे दुसराच घ्या, आणि त्यातही कडक फेसाचा नको, लवचीक राहणारा मागा. मे महिन्यात आकसलेला पहिला प्रकार जूनच्या मध्यात पुन्हा फुगायला वेळ घेतो, आणि तेवढ्यात पाणी माती घेऊन आत आलेलं असतं. माहितीपत्रकात "कोरडे-ओले चक्र" आणि "आकुंचन" हे शब्द शोधा. नसतील तर पुरवठादाराकडून लेखी घ्या.

इंजेक्शन कसं करायचं, आणि किती लागेल?

सांध्यापासून भिंतीच्या जाडीच्या साधारण निम्म्या अंतरावर ४५ अंशांत भोक पाडा, म्हणजे ते सांध्याला भिंतीच्या मध्यावर जाऊन मिळतं. भिंत १०० मिमी असेल तर ५० मिमी अंतर. भोकं १५० ते ३०० मिमीवर, एक सांध्याच्या वर आणि एक खाली अशी आलटून पालटून. ड्रिलचा भुगा पाण्याने बाहेर काढा. भुगा राहिला तर रेझिन (पातळ पीयू) सांध्यापर्यंत पोहोचत नाही, ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. मग १० किंवा १३ मिमीचे पॅकर (रेझिन आत ढकलायच्या नळ्या) बसवा आणि आधी पाणी मारून बघा. ते सांध्यातून बाहेर दिसलं तरच भोक बरोबर लागलंय.

आडव्या सांध्याला एका टोकाने सुरुवात करा, उभ्या तड्याला सर्वांत खालून. कमी दाबाने सुरू करा. शेजारच्या पॅकरमधून रेझिन दिसलं की पुढे सरका. सगळं झाल्यावर १० ते १५ मिनिटांनी पहिल्यापासून पुन्हा एक फेरी मारा. ही दुसरी फेरी वगळली की बारीक पाझर उरतो. दाब एकदम वाढवू नका, जुनी रिंग चिरते.

हिशोब : १.२ मीटर व्यासाच्या मॅनहोलचा आतला घेर ३.८ मीटर. दर २०० मिमीला एक पॅकर धरला तर १९ पॅकर. ३ मिमी फट आणि १०० मिमी भिंत धरली तर सांध्यातली पोकळी सव्वा लिटरच्या आत भरते, पण थोडं रेझिन भिंतीमागे जातंच. एका सांध्याला ३ ते ४ लिटर जवळ ठेवा. त्याहून जास्त जात असेल तर थांबा. मागे मोठी पोकळी आहे आणि महागडं रेझिन मातीत जातंय. अशा वेळी आधी सिमेंट आणि बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) यांचं पातळ मिश्रण भरून पोकळी बुजवा.

फट ६ मिमीच्या वर असेल तर तागाची दोरी रेझिनमध्ये भिजवून, ओली करून फटीत ठोसून बसवा आणि मग तिच्यामागे इंजेक्शन द्या. दोरीशिवाय रेझिन नुसतं वाहून जातं.

पाइप शिरतो तिथली गळती दरवर्षी परत येते. का?

कारण मॅनहोल आणि पाइप जमिनीत वेगवेगळे खाली बसतात. मॅनहोल जड, स्वतःच्या काँक्रीटच्या पायावर; पाइप मुरमाच्या किंवा रेतीच्या थरावर. माती हलली की दोघांच्या मधला सिमेंटचा गिलावा तुटतो. तिथे कडक मसाला एकटा कधीच टिकत नाही.

जुना मसाला पाइपभोवती ५० ते ७५ मिमी खोल काढा. आत रेझिनमध्ये भिजवलेली तागाची दोरी ठोसा, भोवती ४ ते ६ पॅकरमधून लवचीक पीयू द्या, आणि तोंडाशी २५ ते ४० मिमी न आकसणारा मसाला भरा. कडक थर बाहेर, लवचीक थर आत, असा क्रम.

पाइप पीव्हीसीचा असेल तर सिमेंट त्याला चिकटतच नाही. नवीन बसवताना पाइपच्या बाहेरच्या अंगाला सॉल्व्हंट सिमेंट लावून त्यावर कोरडी रेती भुरभुरा, खरखरीत थर वाळू द्या आणि मग भिंतीत बसवा. एचडीपीई पाइपला सॉल्व्हंट सिमेंट लागू होत नाही. त्याला रबरी कडं किंवा काँक्रीटमध्ये गाडलेली कॉलरच हवी. शक्य असेल तर मॅनहोलच्या बाहेर लगेच एक आखूड तुकडा आणि लवचीक सांधा द्या, म्हणजे बसण्याची हालचाल तो सांधा झेलतो.

फुगणारी रबरी पट्टी चांगली, पण तिच्या दोन्ही बाजूंना किमान ५० ते ७५ मिमी काँक्रीट पाहिजे. पातळ गिलाव्याखाली ठेवली तर ती फुगून गिलावाच उडवते. आणि काँक्रीट ओतण्याआधी ती पावसात भिजली तर तिचा जीव तिथेच संपतो.

झाकणाच्या चौकटीतून पावसाचं पाणी शिरतं. तिथे पीयू मारायचं का?

इथे इंजेक्शनचं काम नाही. चौकट आणि वरची रिंग यांच्यामध्ये विटांचे तुकडे, गिट्टी आणि ढिला मसाला भरलेला असतो. रस्ता उंच झाला की त्यावर आणखी एक थर. चौकट उचला, सगळं काढा, उच्च ताकदीचा न आकसणारा मसाला एकाच थरात द्या. नंतर आतून चौकटीपासून वरच्या रिंगपर्यंत लवचीक पीयूचा जाड लेप किंवा रबरी बाही बसवा. वाहनाच्या धक्क्याने तिथे सतत बारीक हालचाल असते, म्हणून कडक लेप महिन्याभरात तडकतो.

नागपुरात सिमेंट रस्ते खूप आहेत. उन्हात रस्त्याचा स्लॅब वाढतो आणि चौकटीला ढकलतो. चौकटीभोवती १२ ते २० मिमीची फट सोडून त्यात भरणाची पट्टी आणि वर सीलंट असायला हवं. स्लॅब चौकटीला थेट चिकटवला असेल तर चौकट हलणारच.

एक विनंती. अंगणातलं पाणी जावं म्हणून पावसात झाकण उघडू नका आणि छताचं पाणी गडरलाइनला जोडू नका. एका उघड्या झाकणातून जेवढं पाणी जातं, तेवढं शंभर पाझरांतून जात नाही. आणि उघडं झाकण पाण्याखाली दिसत नाही; माणूस त्यात जातो.

भिंत पांढरी, मऊ आणि नखाने खरवडता येईल अशी झाली आहे. हीसुद्धा गळतीच का?

ते आम्ल आहे. मैलापाण्यातल्या चिकट थरात, हवा नसताना, जीवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तो वायू वर येऊन पाण्याच्या पातळीवरच्या ओल्या भिंतीवर बसतो, आणि तिथले दुसरे जीवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. भिंतीचा पीएच १ ते २ पर्यंत उतरतो आणि सिमेंटचा जिप्समचा लगदा होतो. म्हणून नुकसान नेहमी पाण्याच्या वर असतं. पाण्याखालचा भाग बरा राहतो. धबधब्यासारखं पाणी पडतं तिथे, पंपिंगची लाइन उतरते तिथे आणि चढ कमी असलेल्या लांब लाइनवर हे जास्त.

खरवडून बघा. पीएच पट्टी ओल्या भिंतीला लावा. आतल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण मारा : गुलाबी झालं तर तिथपर्यंत काँक्रीट निरोगी, रंग आला नाही तर अजून खोल जा. सळई उघडी पडून तिची जाडी कमी झाली असेल तर मटेरियल निवडण्याची वेळ गेली. तिथे स्ट्रक्चरल इंजिनीअरने नवी भिंत डिझाइन करायला हवी.

मग सल्फेटरोधक सिमेंट वापरू?

आतल्या बाजूला त्याचा उपयोग नाही. आयएस १२३३० चं सल्फेटरोधक सिमेंट जमिनीतल्या सल्फेटला तोंड देतं, आम्लाला नाही. क्रिस्टलाइन लेपाचंही (तड्यांत स्फटिक वाढवून ते बुजवणारा लेप) तेच. तो ०.४ मिमीपर्यंतच्या केसाएवढ्या तड्यांतला पाझर चांगला बुजवतो, मागून दाब असतानाही, पण तो सिमेंटचाच आहे आणि आम्ल त्याला खातं. वायूचा वास नसलेल्या, निरोगी भिंतीवर तो स्वस्त आणि योग्य : चौरस मीटरला प्रत्येक हातात ०.८ ते १ किलो, दोन हात, भिंत ओली करून.

आम्लाने खाल्लेल्या भिंतीला काय लावायचं?

दोन पर्याय. पहिला, कॅल्शियम ॲल्युमिनेट सिमेंटचं अस्तर, १२ ते २५ मिमी. ते जीवाणूंची वाढ मंदावतं आणि आम्लात साध्या सिमेंटपेक्षा खूप जास्त टिकतं. दुसरा, जाड इपॉक्सी किंवा पीयूचं आवरण, जे आम्लाला भिंतीपर्यंत पोहोचूच देत नाही. आम्हाला नागपूरच्या परिस्थितीत पहिला जास्त भरवशाचा वाटतो. कारण तीन मीटर खोलीवर बाहेरून पाणी चौरस मीटरला तीन टनांचा दाब देतं; आवरणाच्या मागे एक ओला डाग राहिला तरी तिथे फुगा येतो, फुगा फुटतो आणि आम्ल मागे शिरतं. इपॉक्सी घ्यायचीच असेल तर ओल्या पृष्ठभागावर चालणारी घ्या, सगळा पाझर आधी थांबवा, आणि शेवटी स्पार्क चाचणीने टाचणीएवढी भोकं शोधा.

अस्तराची मात्रा : १.२ मीटर व्यास, ३ मीटर खोली, भिंत ११.३ चौरस मीटर. १२ मिमी जाडीला १३६ लिटर. लिटरला १.९ ते २ किलो कोरडी पावडर धरली तर २६० ते २७० किलो. वाया जाणारं धरून ३०० किलो, म्हणजे २५ किलोच्या १२ पिशव्या. खड्डे बुजवायला लागेल ते वेगळं.

पिशवी एकदा उघडली की त्यात साधं सिमेंट मिसळू नका. "थोडं वाढवू या" म्हणून घातलेलं घमेलंभर ओपीसी सगळा मसाला काही मिनिटांत दगड करतं. पाणीही मापूनच : पाणी-सिमेंट प्रमाण ०.४ च्या वर गेलं तर उष्ण हवेत हे सिमेंट पुढच्या काही महिन्यांत बरीच ताकद गमावतं. लावायला सोपं जावं म्हणून मिस्त्री पाणी वाढवतो, त्यामुळे मापाचा डबा तुमच्या हातात ठेवा.

तडा इपॉक्सीने भरला तर कायमचं काम होईल ना?

तडा कोरडा, न हलणारा आणि ताकद परत आणायची असेल तर. ओल्या किंवा हलणाऱ्या तड्यात इपॉक्सी भरली की ती जागा पक्की होते आणि शेजारी नवा तडा जातो. नळ जोडायची एमसील इथे कुठेच उपयोगाची नाही.

भिंतीमागे ॲक्रिलिक जेल भरून सगळी गळती एकदम थांबवता येते का?

येते, जिथे माती बारा महिने ओली राहते. भिंतीतून आरपार भोकं पाडून मागे जेलचा पडदा तयार होतो. पण उन्हाळ्यात मातीला भेगा पडतात अशा वस्तीत, मानेवाडा-बेसा-वाठोडा अशा काळ्या मातीच्या पट्ट्यात, जेल वाळून आकसतं. तिथे पैसे सांध्यांवर घाला. आणि ॲक्रिलामाइडचं जेल कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. ते कच्च्या स्वरूपात मज्जासंस्थेला विषारी आहे आणि मिसळणाऱ्याच्या कातडीतून आत जातं.

उन्हाळ्यातच काम करावं लागलं तर?

सकाळी ६ ते ९ मध्ये उरका. छतावरच्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. त्याने मळलेला वॉटर प्लग मुठीतच दगड होतो. माठातलं किंवा बर्फ घातलेलं पाणी वापरा. पिशव्या टिनाच्या शेडमध्ये नको, सावलीत आणि जमिनीपासून उंच ठेवा. पीयूचा डबा उघडा राहिला तर वर साय धरते. साय ढवळून आत मिसळू नका, काढून टाका, आणि तळापर्यंत घट्ट झाला असेल तर डबा बाद.

तराईचं (लावलेला मसाला ओला ठेवण्याचं) मॅनहोलमध्ये एक बरं असतं : झाकण लावून वर ओलं बारदान टाकलं की आत ओलावा टिकतो. पण हवेसाठी ब्लोअर चालू ठेवला असेल तर तोच अस्तर वाळवतो. काम संपून माणूस वर आला की ब्लोअर बंद करा आणि झाकण लावा. ॲल्युमिनेट अस्तराला पहिले २४ तास महत्त्वाचे.

पृष्ठभाग किती साफ करायचा?

मऊ थर पूर्ण जाऊन गिट्टी दिसेपर्यंत. २०० बारच्या वर दाबाचा पाण्याचा मारा उत्तम, नाहीतर छन्नी-हातोडा आणि तारेचा ब्रश. शेवटी पुन्हा पीएच पट्टी आणि फिनॉल्फ्थॅलिन. भिंत ओली हवी, पण पाणी वाहणारी नको. अस्तर सुटून पडण्याचं कारण बहुतेक वेळा पिशवीत नसतं, या पायरीत असतं.

बाहेरून खोदून दुरुस्ती करणं जास्त चांगलं नाही का?

पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूने अडवणं तत्त्वतः बरोबर. पण तीन मीटर खोदकाम, त्याच्या कडांना आधार, शेजारची पाण्याची लाइन आणि केबल, हे सगळं पाहता ते मोकळ्या प्लॉटवर किंवा नवीन मॅनहोल बसवतानाच परवडतं. खोदलंच तर काढलेली काळी माती परत टाकू नका. भोवती मुरूम किंवा चुरी १५० ते २०० मिमीच्या थरांत दाबून भरा.

काम झालं हे कसं तपासायचं?

येणारे-जाणारे पाइप प्लगने बंद करा, मॅनहोल पाण्याने भरा, काँक्रीटला पाणी पिऊ द्यायला २४ तास ठेवा, पुन्हा पातळी भरून खूण करा आणि किती उतरते ते मोजा. १.२ मीटर व्यासात १० मिमी उतरणं म्हणजे ११ लिटर. अस्तराला सात दिवसांनंतर लाकडी हातोडीने ठोकून पोकळ आवाज शोधा. शंका असेल तिथे ओढून बघण्याची चाचणी घ्या आणि किमान १ मेगापास्कल चिकटण्याची ताकद मागा. खरी परीक्षा पुढच्या सप्टेंबरात. ठेक्यात रकमेचा काही भाग एका पावसाळ्यानंतर द्यायचा असं लिहून घ्या, आणि दर "प्रति मॅनहोल" ऐवजी मीटर सांधा, किलो अस्तर, लिटर रेझिन असे वेगळे मागा. नाहीतर तिन्ही कामं एकाच पिशवीत उरकली जातात.

आत कोणी उतरायचं?

प्रशिक्षित आणि पूर्ण साधनांसह आलेला माणूसच, आणि कधीही एकटा नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाशिवाय माणसाला गटार सफाईला उतरवणं गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. दुरुस्तीला उतरणाऱ्याच्या नाकात जाणारा वायू तोच असतो.

हा मॅनहोल आणि त्याच्या वरचा-खालचा असे तीन किमान तासभर उघडे ठेवा, भोवती अडथळे लावा, ब्लोअरने हवा तळापर्यंत सोडा. मग दोरीला बांधलेलं गॅस मीटर वर, मध्ये आणि तळाशी : ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या खाली, ज्वलनशील वायू स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांच्या खाली. काम चालू असेपर्यंत मीटर अंगावर. वास येत नाही म्हणजे वायू नाही असं समजू नका. १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि वास थांबतो. तिपाई, पट्टा, वर दोन माणसं. आतला कोसळला तर वरच्याने उडी मारायची नाही, दोरीने ओढायचं. एकामागून एक जीव गेले ते अशा उड्यांमुळेच. पेट्रोलचा जनरेटर तोंडाजवळ ठेवू नका, त्याचा धूर आत उतरतो. पाइपमध्ये हवेचा प्लग लावला असेल तर त्याच्या समोर उभं राहू नका.

रस्त्यावरचा मॅनहोल आम्ही सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करू शकतो का?

नाही. तुमच्या कुंपणाच्या आतला चेंबर तुमचा, रस्त्यावरचा महापालिकेचा. महापालिकेच्या १० झोनपैकी तुमच्या झोन कार्यालयात लेखी तक्रार द्या. तक्रारीत फोटो, तारीख, शेवटचा पाऊस कधी झाला होता, आणि मोजता आलं असेल तर मिनिटाला किती लिटर पाणी येतंय हे लिहा. गळतीचं पाणी दिसण्यासाठी झाकण स्वतः उघडू नका. खालच्या चेंबरमध्ये पहाटे ३ वाजता, वापर सर्वांत कमी असताना, स्वच्छ पाणी वाहताना दिसलं तरी पुरावा होतो.

एका मॅनहोलमध्ये तिन्ही कामं असतील तर क्रम काय?

आधी मऊ थर काढा. मग मागची पोकळी भरा. त्यानंतर सांधे आणि पाइपच्या जागा पीयूने, भोकं वॉटर प्लगने. दोन-तीन दिवस नुसतं बघा. थांबवलेलं पाणी दुसरी वाट शोधतं आणि नवीन ओला डाग हमखास वर किंवा शेजारी दिसतो, तोही बंद करा. मग अस्तर, खालून वर. बेंचिंग शेवटी, प्रवाह वळवून, रात्री १ ते ४ च्या दरम्यान. चौकट सर्वांत शेवटी, कारण काम चालू असताना तिच्यावरूनच सगळं सामान आत-बाहेर होतं.